इंद्रायणीतील महाशीर : मासा वाचला, नदीचा प्रश्न कायम

पुणे जिल्ह्यातील इंद्रायणी ही महाराष्ट्राला प्रामुख्याने संतांची नदी म्हणून परिचित आहे. मत्स्यशास्त्रज्ञांच्या लेखी मात्र तिचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. दख्खनमधील नद्यांचा मानाचा मासा समजल्या जाणाऱ्या महाशीरच्या कृत्रिम प्रजननाचा प्रयोग याच नदीच्या उगमाजवळ, लोणावळ्यात, सुमारे ५० वर्षांपूर्वी यशस्वी झाला. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने एकेकाळी ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंदवलेली ही जात २०१८ च्या मूल्यांकनात ‘किमान चिंता’ या गटात आली. याच काळात इंद्रायणीच्या खालच्या टप्प्याची अवस्था मात्र बिघडत गेली. एखादा मासा वाचला असे नेमके केव्हा म्हणायचे, हा प्रश्न त्यामुळे उभा राहतो.

इंद्रायणीचा उगम लोणावळ्याजवळ कुरवंडे गावाच्या परिसरात, सह्याद्रीच्या अगदी माथ्यावर होतो. येथून कोकणचा कडा हाकेच्या अंतरावर आहे, तरीही नदी पाठ फिरवून पूर्वेकडे निघते. मावळातील भातखाचरांमधून कामशेत, तळेगावच्या बाजूने ती देहूला येते. पुढे चिखली, मोशी, आळंदी असा प्रवास करून तुळापूर येथे भीमेला मिळते. तिची लांबी सुमारे १०० किलोमीटर आहे. भीमेमार्फत कृष्णेला आणि कृष्णेमार्फत बंगालच्या उपसागराला तिचे पाणी जाते.

लांबीने ही नदी लहान असली तरी तिच्या खोऱ्याचा इतिहास लहान नाही. कोकणातील बंदरांकडून घाटावर येणारा प्राचीन व्यापारी मार्ग याच खोऱ्यातून जात असे. कार्ले आणि भाजे येथील लेणी त्या मार्गाच्या साक्षीदार आहेत, तर लोहगड आणि विसापूर हे किल्ले त्याचे पहारेकरी. आळंदीला ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये समाधी घेतली. तुकाराम महाराजांच्या अभंगांच्या वह्या देहूच्या डोहात बुडवल्या गेल्या आणि १३ दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांची हत्या झाली, ती तुळापूरच्या संगमाच्या परिसरात. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि मुंबई या खोऱ्याच्या दाराशी आली.

<b>पूर्वेचे पाणी पश्चिमेला</b>

नदीच्या स्वभावात सर्वांत मोठा बदल घडवला तो विजेने. मुंबईच्या कापड गिरण्यांना वीज पुरवण्यासाठी टाटा समूहाने १९१० मध्ये जलविद्युत कंपनी स्थापन केली. लोणावळ्याच्या परिसरात वळवण आणि इतर जलाशय बांधण्यात आले. पूर्वेकडे वाहून जाणारे पावसाचे पाणी या जलाशयांत अडवायचे आणि नळांवाटे सुमारे ५०० मीटर खाली, खोपोलीच्या वीजगृहावर सोडायचे, अशी ही योजना होती. खोपोलीची वीज १९१५ मध्ये मुंबईला मिळू लागली. वीज निर्माण करून झाल्यावर हे पाणी पाताळगंगेतून अरबी समुद्राला जाते. म्हणजेच जे पाणी भीमेच्या वाटेने पंढरपूरकडे गेले असते, त्यातील काही भाग गेली १०० हून अधिक वर्षे कोकणात उतरतो आहे. कागदावर ही अभियांत्रिकीची करामत आहे. माशाच्या दृष्टीने पाहिले तर वरच्या अंगाला एक भिंत उभी राहिली आणि खालच्या अंगाचे पाणी घटले.

महाशीरचे जीवनचक्र समजून घेतले म्हणजे या भिंतीचा अर्थ लक्षात येतो. हा मासा कार्पच्या कुळातील, म्हणजे रोहू-कटल्याचा भाऊबंद आहे. मोठे खवले, जाड ओठ आणि प्रवाहाविरुद्ध पोहण्याची विलक्षण ताकद ही त्याची ओळख. उन्हाळ्यात तो खोल डोहांत राहतो. पावसाळ्यात नदीला पाणी चढले की वरच्या, उथळ आणि खडकाळ भागाकडे निघतो आणि वाळू-गोट्यांच्या तळावर अंडी घालतो. त्या अंड्यांना स्वच्छ, वाहते आणि प्राणवायूने समृद्ध पाणी लागते. तळावर गाळ साचला की अंडी गुदमरतात. शिवाय त्याच्या अंड्यांची संख्या रोहू-कटल्याच्या तुलनेत पुष्कळच कमी असते, त्यामुळे झालेली हानी लवकर भरून निघत नाही.

ब्रिटिश अमदानीतील गळकऱ्यांना हा मासा पाहून मायदेशातील सॅमनची आठवण झाली. हेन्री सुलिव्हन थॉमस या सनदी अधिकाऱ्याने १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द रॉड इन इंडिया’ या पुस्तकात तर गळाला लागलेला महाशीर त्याच आकाराच्या सॅमनपेक्षा अधिक झुंज देतो, असा निर्वाळा दिला. ही तुलना पुढे रूढ झाली. ती पूर्णतः बरोबर नाही. सॅमन समुद्रात वाढतो, जन्मस्थानी परततो आणि पॅसिफिकमधील त्याच्या बहुतेक जाती अंडी घालून मरतात. महाशीर समुद्राचे तोंडही पाहत नाही आणि वर्षानुवर्षे अंडी घालत राहतो. साम्य आहे ते एका गोष्टीत : दोघांनाही नदी वरपासून खालपर्यंत मोकळी हवी असते.

दख्खनच्या महाशीरची शास्त्रीय नोंदही पुण्याचीच आहे. मुंबई सरकारच्या सेवेत असलेले लेफ्टनंट कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठा नदीतील नमुन्यावरून या जातीचे वर्णन केले. साइक्स यांनी दख्खनच्या माशांना दिलेली नावे बहुधा स्थानिक बोलीतूनच उचललेली आहेत. ‘खुद्री’, ‘मुसुल्ला’, ‘कोलुस’ ही मराठी तोंडची नावे लॅटिन वेष धारण करून आजही जगभरच्या ग्रंथांत वावरत आहेत.

<b>ओल्या कापसातील अंडी</b>

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत धरणे, सुरुंग लावून आणि विष कालवून होणारी मासेमारी, तसेच अंडी घालण्यासाठी चढणाऱ्या माशांची बेसुमार पकड यांमुळे महाशीर ठिकठिकाणी दुर्मीळ झाला होता. राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालकपद भूषवलेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९७० च्या सुमारास लोणावळ्यात या माशाच्या प्रजननाचा अभ्यास हाती घेतला. टाटांच्या वीज कंपनीने वळवण येथे मत्स्यबीज केंद्र उभारले. पुढे एस. एन. ओगले यांनी हे काम दीर्घकाळ सांभाळले.

पद्धत दिसायला साधी आहे. पावसाळ्यात जलाशयातील परिपक्व नर-मादी जाळ्यात धरायचे, पोटावर हलका दाब देऊन मादीची अंडी भांड्यात काढायची, त्यात नराचे रेत मिसळायचे आणि फलित अंडी वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवायची. साधारण तीन-चार दिवसांत पिल्ले बाहेर येतात. या केंद्रातून आणखी एक उपयुक्त गोष्ट पुढे आली. महाशीरची फलित अंडी पाण्याशिवाय, केवळ ओल्या कापसात ठेवूनही काही काळ जिवंत राहतात. जिवंत पिल्ले न्यायची तर पाण्याने भरलेल्या पिशव्या, प्राणवायू आणि वाटेतील मर यांचा हिशोब करावा लागतो. कापसातील अंडी मात्र एका डब्यात दूरच्या राज्यात पोहोचू लागली. लोणावळ्याचा महाशीर अशा रीतीने देशभर गेला आणि गेल्या पाच दशकांत लाखो पिल्ले ठिकठिकाणच्या जलाशयांत सोडली गेली.

येथपर्यंतची हकिकत यशाची आहे. परंतु तिला एक दुसरी बाजू कावेरीच्या काठी आहे.

कावेरीच्या खोऱ्यात महाशीरची एक वेगळी, पाठीवर उंचवटा असणारी जात राहते. १९४६ मध्ये काबिनी नदीत गळाला लागलेला १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोचा विक्रमी मासा याच जातीचा होता. १९७० च्या दशकापासून कावेरीत लोणावळ्याच्या महाशीरची पिल्ले सोडली गेली. हेतू चांगला होता. महाशीर कमी झाले आहेत, तर महाशीर सोडावेत. १९९८ ते २०१२ या काळातील गळकऱ्यांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या तेव्हा वेगळेच चित्र समोर आले. बाहेरून आलेला निळसर परांचा महाशीर वाढत गेला होता आणि मूळचा उंचवट्याचा मासा जवळजवळ दिसेनासा झाला होता. त्याला अधिकृत शास्त्रीय नावही तोवर निश्चितपणे मिळालेले नव्हते. ‘टोर रेमादेवी’ हीच ती जात, हे २०१८ मध्ये सिद्ध झाले आणि त्याच वर्षी ती ‘अतिसंकटग्रस्त’ ठरली. कावेरीवरची धरणे, वाळूउपसा आणि अवैध मासेमारी हीदेखील या ऱ्हासाची कारणे आहेत. सारा दोष लोणावळ्याच्या पिल्लांवर टाकणे अन्यायाचे होईल. तथापि एका खोऱ्यातील मासा दुसऱ्या खोऱ्यात सोडणे म्हणजे संवर्धन नव्हे, हा धडा महाग पडला.

<b>फ्रेझरचे उदाहरण</b>

सॅमनच्या देशात काय झाले, हे येथे पाहण्यासारखे आहे. कॅनडाची फ्रेझर नदी रॉकी पर्वतात उगम पावून १,३७५ किलोमीटरचा प्रवास करते आणि व्हँकुव्हरजवळ पॅसिफिक महासागराला मिळते. खोपोलीची वीज मुंबईला पोहोचण्याच्या आदल्याच वर्षी, १९१४ मध्ये, रेल्वेमार्गाच्या कामामुळे या नदीच्या ‘हेल्स गेट’ नावाच्या अरुंद घळीत दरड कोसळली. पाण्याचा वेग इतका वाढला की वर चढणाऱ्या सॅमनना पुढे जाता येईना आणि पुढील अनेक वर्षे तेथील मासेमारी खालावली. १९३७ मध्ये कॅनडा आणि अमेरिका यांच्यात करार होऊन संयुक्त आयोग स्थापन झाला. १९४० च्या दशकाच्या मध्यास घळीच्या कडेने काँक्रीटचे मत्स्यमार्ग बांधण्यात आले. या मार्गात प्रवाहाचा वेग मोडला जातो, मासा टप्प्याटप्प्याने विसावा घेत वर चढतो.

फ्रेझरच्या मुख्य प्रवाहावर आजही एकही धरण नाही. तरीही तेथील सॅमन सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही. २००९ मध्ये परतणाऱ्या सॉकाय सॅमनची संख्या इतकी घसरली की सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. लगेच पुढच्या वर्षी सुमारे तीन कोटी मासे परतले. आकडे असे हेलकावे खातात. कॅनडातही मत्स्यबीज केंद्रे आहेत आणि त्यांच्या उपयुक्ततेवर वाद आहेत. परंतु नदीची वाट अडली तर ती मोकळी करायची, हे तेथे गृहीत धरलेले आहे.

इंद्रायणीवर वाट मोकळी होते ती अंशतः, आणि तीही वेगळ्याच कारणाने. नदीवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पुराचे पाणी निघून जावे म्हणून पावसाळ्यापूर्वी त्यांचे बरगे काढतात आणि पावसाळा सरल्यावर पुन्हा घालतात. योगायोगाने माशांच्या चढणीचाही हंगाम हाच असतो. मात्र चढून जाणाऱ्या माशाला शेवटी वरच्या धरणांशी थांबावे लागते.

खालच्या टप्प्यात अडथळा दगडाचा नाही, पाण्याचा आहे. पिंपरी-चिंचवड आणि नदीकाठची वाढलेली गावे यांचे सांडपाणी, तसेच औद्योगिक पट्ट्यातील रसायनमिश्रित पाणी नदीत येते. आळंदीच्या घाटावर पांढऱ्या फेसाचे थर तरंगत असल्याची दृश्ये अलीकडच्या वर्षांत वारंवार प्रसिद्ध झाली आहेत. चिखलीजवळ निळ्या पूररेषेच्या आत बांधलेले ३६ बंगले राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर मे २०२५ मध्ये पाडण्यात आले; नदीच्या पात्रालगत किती दाटी झाली आहे, याचा अंदाज त्यावरून येतो.

देवाच्या नावाने राखलेले डोह हा महाराष्ट्रातील माशांचा जुना आसरा आहे. महाडजवळ काळ नदीवरील वाळण कोंड येथे वरदायिनीच्या नावाने आणि वाडा तालुक्यात वैतरणेच्या काठी तिळसे येथे महादेवाच्या नावाने महाशीर राखले गेले आहेत. भाविक त्यांना खाऊ घालतात, कोणी गळ टाकत नाही. कायद्याने क्वचितच साधले असते ते येथे श्रद्धेने साधले. देहूच्या डोहातही मासे पकडत नाहीत. परंतु गळापासून राखता येतो तो मासा; वरून वाहत येणाऱ्या सांडपाण्याला डोहाची वेस ठाऊक नसते. स्नानासाठी योग्य समजल्या जाणाऱ्या पाण्यात प्रतिलिटर किमान पाच मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू असावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. महाशीरच्या पिल्लाची गरज त्याहून कमी नाही. वळवणच्या ट्रेमध्ये, वाहत्या स्वच्छ पाण्यात, ती भागते. तेथून काही कोसांवर असलेल्या देहू-आळंदीच्या पात्रात ती बारमाही भागेल, तेव्हाच तेथे पिल्ले सोडण्याला अर्थ राहील.