दुसऱ्याच्या सातबाऱ्यावरचे पणजोबा

बारामती, कोपरगाव, श्रीरामपूर, माळीनगर या पट्ट्यातल्या एखाद्या सासवडकर माळ्याच्या घरी विचारा, तुमचे पूर्वज इकडे कधी आले? उत्तर बहुधा एवढेच मिळते : 'पाट आला तेव्हा.' पाट कोणता, साल कोणते, आल्यावर बिऱ्हाड कोणाच्या रानात टाकले, हे सांगणारे कोणी उरलेले नसते. मग घरातला एखादा शिकलेला पणतू तलाठी कार्यालयात जाऊन सातबारा काढतो. त्यावर पणजोबांचे नाव असते ते जमीन विकत घेतल्यापासूनचे. त्याआधीची कर्ती वर्षे कोरी. 'जुने कागद गेले' म्हणून तो घरी येतो.

कागद बहुतेक वेळा गेलेले नसतात. पणतू चुकीच्या खात्यात शोधत असतो. महसुली दप्तर माणसाचा इतिहास लिहायला बसलेले नव्हते. सारा कोणाकडून वसूल करायचा, एवढाच त्याचा प्रश्न. सारा भरणार मालक, तेव्हा नाव मालकाचे. आणि कालव्यावर ऊस आणणारी सासवडकरांची पहिली पिढी मालक नव्हती, खंडाने जमीन करणारी होती.

हे लोक मुळात कऱ्हाकाठचे. पाऊस बेताचा, पण विहिरी खोदून, मोट चालवून त्या पाण्यावर ऊस, भाजीपाला आणि फुले काढायची त्यांची पिढ्यांची सवय. पुरंदर तालुक्यातल्या खानवडीशी जोतीराव फुल्यांच्या घराण्याचाही संबंध आहे. त्यांचे पूर्वज साताऱ्याकडच्या कटगुणहून तिथे आले आणि पुढे पुण्यात फुलांच्या धंद्यात स्थिरावले. जोतीरावांनी पुण्याजवळ मांजरीला कालव्याच्या पाण्यावर शेती करून दाखवली. शेजारचे शेतकरी ते पाणी घ्यायला बिचकत होते, तेव्हाची ही गोष्ट.

बिचकण्याला कारणे होती. १८७६-७८ च्या दुष्काळाने दख्खन होरपळले, त्यानंतर भाटघरचे धरण आणि नीरा डावा कालवा झाला. १८८५ च्या सुमारास कालव्याला पाणी सुटले, पण घेणारे थोडे. जिरायत बाजरी-ज्वारी करणाऱ्याला पाऊस बरा झाला तर पाटाचे पाणी नको असे, आणि पाणीपट्टी तर द्यावीच लागे. उसाला वर्ष-दीड वर्ष रान अडकते. त्यात पेंड, शेणखत, मेंढरे बसवण्याचा खर्च, बैलजोड्या, गुऱ्हाळाची सामग्री. एवढे भांडवल आणि त्याहून महत्त्वाची हातोटी गावच्या शेतकऱ्याकडे नव्हती. ती सासवडकरांकडे होती. जमीनवाल्याला रोख खंड हवा होता, माळ्याला पाण्याखालचे रान. सौदा जुळला. नीरेनंतर गोदावरीचे कालवे झाले, १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पुरे होऊन प्रवरेचे पाणी आले, आणि ही मंडळी पाटामागून पाट धरत नगर जिल्ह्यात पसरली.

म्हणून शोधाची पहिली पायरी उलटी आहे. आपल्या आडनावाचे खाते शोधू नका. पणजोबा ज्याच्या रानात राहिले त्या मालकाचे आडनाव शोधा. घरातल्या म्हाताऱ्यांना जमिनीचे गट क्रमांक आठवत नाहीत, पण 'अमक्याची पट्टी', 'तमक्याचा मळा' नक्की आठवतो. तेवढा धागा पुरतो. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ चा. पुढच्या दशकात गावोगाव हक्कनोंदी झाल्या, आणि तेव्हापासून फेरफाराची वही, म्हणजे गाव नमुना ६, हा खरा खजिना आहे. मालकाच्या सर्व्हे नंबरावरचे फेरफार एकेक करून वाचत जावे. बहुतेक विक्री, वाटणी, वारस. मध्येच एखादी नोंद येते : अमक्याने आपली जमीन अमुक सालापासून इतक्या मुदतीने, इतक्या रुपये खंडाने तमक्या राहणार सासवड यास दिली, अशी वर्दी. खाली तलाठ्याची सही, कडेला सर्कलचा 'मंजूर' शेरा. 'राहणार सासवड' हे दोन शब्द कधीकधी घराण्याच्या इतिहासातली पहिली लेखी नोंद ठरतात. खंडाचा आकडाही नीट पाहावा. त्यावरून त्या रानाला पाटाचे पाणी मिळत होते की नाही याचा अंदाज बांधता येतो.

तोंडी ठरलेले खंड फेरफारात आलेच नाहीत, आणि असे पुष्कळ होते. तिथे पीकपाहणी मदतीला येते. बारा नमुन्यात पिकाखालचे क्षेत्र आणि पाण्याचे साधन यांच्याबरोबर जमीन प्रत्यक्ष कोण कसतो याचाही रकाना असे. मालकाच्या उताऱ्यावर, उसासमोर, पेन्सिलीने लिहिल्यासारखे फिकट आपले आडनाव दिसते. मात्र हा नमुना सात नमुन्याला जोडून सरसकट मिळतो तो १९३० च्या आसपासपासून.

आधीच्या काळासाठी दोन वाटा आहेत. एक पाटबंधारे खात्याची. विसाव्या शतकाच्या आरंभी, विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्यात नोकरीला असताना नीरा कालव्यावर 'ब्लॉक' पद्धत आली : ठराविक रानाला काही वर्षांसाठी पाण्याची हमी, आणि त्याच्या एका हिश्श्यात ऊस. पाण्याचा अर्ज कसणारा करी, त्यामुळे पाणीपट्टीच्या कागदात खंडकऱ्याचे नाव असण्याचा संभव जास्त. दुसरी वाट कर्जाची. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला सावकारांविरुद्ध दंगा झाला, लोकांनी हिसकावले आणि जाळले ते कर्जरोखेच. त्यानंतरच्या १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने कर्जाची खते नोंदणीसमोर आणली. गुळाच्या हंगामावर उचल घेणारा माळी सावकारापासून सुटला नव्हता. दुय्यम निबंधकाकडची जुनी सूची आणि दिवाणी दाव्यांचे निकाल त्या दृष्टीने चाळावेत. घराण्याची अब्रू जाईल म्हणून हे कागद टाळणारे लोक मी पाहिले आहेत. माझ्या मते ज्याने कर्ज काढून परमुलखात ऊस लावला, त्याच्या धाडसाचा तेवढाच लेखी पुरावा असतो.

गावांची नावेही फसवतात. बारामतीचे जुने कागद भीमथडी तालुक्याच्या नावाने शोधावे लागतात. श्रीरामपूर तर बेलापूर रोड स्टेशनाभोवती वाढलेले नवे गाव. १९४७ च्या एकत्रीकरण कायद्यानंतर सर्व्हे नंबरांचे गट झाले, म्हणून आजच्या गटावरून मागे जाताना गटस्कीमचा उतारा आधी घ्यावा, नाहीतर भलत्याच रानाचा इतिहास आपला म्हणून लिहिला जातो. सासवडकडचे अव्वल इंग्रजीतले किंवा पेशवाईतले कागद मोडीत. त्यात ऱ्हस्व-दीर्घ नाही, शब्द तोडलेले नाहीत, आणि साल फसली असेल तर ५९० किंवा ५९१ मिळवावे तेव्हा इसवी सन येतो. मोडी वाचणारे आता पूर्वीपेक्षा सहज भेटतात. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केल्यावर जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी दप्तरे उघडली गेली, हा त्याचा अनपेक्षित फायदा.

बायका या सगळ्यात कुठे आहेत? नवरा मेल्यावर. वारसाच्या फेरफारात मुलांच्या नावांपुढे 'अ.पा.क. आई' असे येते, अज्ञान पालनकर्ती. पटकी, प्लेग किंवा १९१८ च्या तापात कर्ता गेला, तर उसाचे उभे पीक आणि सावकार दोन्ही या तीन अक्षरांच्या बाईने सांभाळलेले असतात. थोरल्या भावाच्या नावापुढचे 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, हेही पाहून ठेवावे. त्याखाली धाकट्या भावांची आख्खी शाखा झाकलेली असते.

१९२० च्या दशकाच्या मध्यापासून गुळाचे भाव कोसळले. १९३२ मध्ये साखरेला जकातीचे संरक्षण मिळाले आणि त्याच साली दि सासवड माळी शुगर फॅक्टरी स्थापन झाली, नीरा उजव्या कालव्याखाली, माळशिरस तालुक्यात. गावाचे नावच माळीनगर पडले. विखे पाटील-गाडगीळांचा प्रवरानगरचा सहकारी कारखाना यानंतर अठरा-एक वर्षांनी गाळप करू लागला. माळीनगरचा कारखाना ही कंपनी होती, आणि कंपन्यांच्या कायद्याप्रमाणे भागधारकांची यादी नाव, पत्ता, व्यवसायासह दरवर्षी निबंधकांकडे द्यावी लागे. सातबाऱ्यावर नसलेला पणजोबा भागधारकांच्या यादीत सापडू शकतो, ही वाट फारशी कोणी चोखाळलेली नाही.

हा नुसता हौसेचा विषयही नाही. १९६१ च्या कमाल जमीन कायद्याने कारखान्यांची खंडाची रानेही शेती महामंडळाकडे गेली. ती मूळ मालकांच्या वारसांना परत मिळू लागली तेव्हा ज्यांच्याकडे जुने उतारे होते त्यांचे काम हलले; बाकीचे कचेरीच्या चकरा मारत राहिले.

राज्यात जुन्या फेरफारांचे स्कॅनिंग झाले आहे, पुष्कळ गावांचे उतारे घरबसल्या निघतात. पण संगणकाला गाव आणि नंबर सांगावा लागतो, आणि तो अजून ऐंशी-नव्वदीतल्या एखाद्या आत्याला किंवा चुलत्यालाच ठाऊक असतो. या दिवाळीत फराळाला गेलात की 'अमक्याची पट्टी' नेमकी कुठली, ते विचारून लिहून घ्या.