काडतूस कशाने म्हातारं होतं?

हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजांना एका कोड्याने फार सतावलं होतं. पावसाळा लागला की लष्कराच्या हालचाली मंदावत. दारूगोळा भिजू नये म्हणून काडतुसांच्या पेट्या घोड्यांच्या पागेत नेऊन ठेवत. पाऊस सरल्यावर पेट्या उघडल्या की आतल्या कितीतरी पितळी पुंगळ्या उभ्या तडकलेल्या दिसत. त्यांना कुणी हात लावला नव्हता, पाणीही शिरलं नव्हतं.

उलगडा १९२१ मध्ये झाला. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी दोष पागेचा असल्याचं दाखवून दिलं. पितळेचा पत्रा न तापवता ओढून ओढून पुंगळी घडवतात, तेव्हा धातूत ताण कोंडून राहतो. घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटतो. दमट हवेत तो पितळेवर बसला, की त्या कोंडलेल्या ताणाला वाट मिळते आणि पुंगळी चिरते. घडवल्यानंतर पुंगळी बेताने तापवली की ताण निघून जातो. आजही हाच उपाय वापरात आहे.

स्वसंरक्षणासाठी परवान्याचं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर बाळगणाऱ्या माणसाचा प्रश्न साधा असतो : आतली काडतुसं किती दिवसांनी बदलायची? औषधाच्या पाकिटावर असते तशी तारीख त्याला हवी असते. काडतुसांच्या खोक्यावर मात्र सहसा तशी तारीख नसते. कारण पागेतल्या पेट्यांनी दाखवलं होतं ते असं : काडतूस किती जुनं आहे, यापेक्षा ते इतके दिवस कुठे होतं आणि त्याला किती वेळा हाताळलं, याला जास्त महत्त्व आहे.

आतल्या बिनधुराच्या दारूचा मुख्य घटक म्हणजे नायट्रोसेल्युलोज. फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी १८८४ मध्ये अशी दारू पहिल्यांदा वापरण्याजोगी केली. ही दारू स्वतःहूनच अतिशय हळू विघटित होत असते आणि त्यातून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड तो वेग आणखी वाढवतात. सुरुवातीच्या काळात फ्रेंच नौदलाने याची भयंकर किंमत मोजली. तूलाँ बंदरात १९०७ मध्ये ‘इएना’ आणि १९११ मध्ये ‘लिबर्ते’ या युद्धनौका दारूगोळ्याच्या स्फोटात गेल्या, शेकडो खलाशी मेले आणि संशय या दारूवरच आला. पुढे डायफिनाइलअमाइनसारखी स्थिरके मिसळण्याचा प्रघात पडला. ती हे घातक वायू शोषून घेतात. म्हणूनच थंड, कोरड्या जागी मूळ खोक्यात राहिलेलं चांगल्या कारखान्याचं काडतूस अनेक दशकं टिकतं. दुसऱ्या महायुद्धातली काडतुसं आजही उडतात.

खोक्यात जे सुरक्षित असतं, ते कमरेला लागलं की त्याचे हाल सुरू होतात. अमेरिकेत हा प्रश्न फार चर्चिला जातो, कारण तिथे लाखो सामान्य नागरिक भरलेलं पिस्तूल रोज अंगावर बाळगतात. सकाळी भरायचं, रात्री रिकामं करायचं. दर वेळी तेच वरचं काडतूस चेंबरमध्ये जातं आणि बाहेर येतं. आत जाताना गोळीचं नाक चेंबरच्या तोंडाशी असलेल्या उतारावर आपटतं आणि गोळी केसभर मागे, पुंगळीत सरकते. असं वारंवार झालं, की दारूला मिळणारी जागा कमी होते आणि उडवताना दाब धोकादायक वाढू शकतो. शिवाय बुडाकडच्या प्रायमरमधलं स्फोटक मिश्रण अशा आपटण्याने सुटून निकामी होऊ शकतं. जुनं काडतूस नव्या कोऱ्या काडतुसाशेजारी उभं करून पाहावं. ते जरासं जरी बुटकं दिसलं, तरी पुन्हा भरू नये. रिव्हॉल्व्हरमध्ये हा मार नाही, काडतूस चक्रीत निवांत बसून राहतं.

घाम, चामडं आणि तेल यांचा त्रास मात्र दोन्हींतल्या काडतुसांना आहे. बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकतं, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. चामड्यात अडकवलेली पितळी पुंगळी तशीच हिरवी पडते. बँकेच्या दारातल्या रखवालदाराचा काडतुसांचा पट्टा आठवा. बारा बोअरच्या काडतुसांची ती पितळी बुडं वर्षानुवर्षं ऊन, पाऊस आणि घाम झेलतात. कित्येकदा ती कधी बदलली, हे त्या रखवालदारालाही सांगता येत नाही. ज्याच्या भरवशावर आपण त्या दारात निर्धास्त उभे असतो, त्याच्या हाती अशी काडतुसं देणं हा त्याच्यावरचा अन्यायच आहे.

तेलाचा धोका पटकन लक्षात येत नाही. शस्त्राची काळजी घेणारा माणूस ते प्रेमाने तेलाने पुसतो, आणि गंज सोडवायचं पातळ तेल काडतुसावर राहिलं तर फटीतून प्रायमरपर्यंत झिरपू शकतं. भरण्याआधी चेंबर कोरडं पुसावं. काडतुसं चकचकीत करायला पितळेचं पॉलिश तर कधीच वापरू नये. काही पॉलिशमध्ये अमोनिया असतो, म्हणजे पुन्हा तीच पाग. कोरडं फडकं पुरतं. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या खणात काडतुसं ठेवणं म्हणजे दारूचं आयुष्य हाताने कमी करणं, कारण उष्णता विघटनाचा वेग झपाट्याने वाढवते.

तेव्हा माझं उत्तर असं. शस्त्र रोज अंगावर असेल, तर वर्षातून एकदा काडतुसं बदलावीत. अमेरिकेतल्या अनेक पोलीस विभागांचाही साधारण हाच रिवाज आहे; जुनी काडतुसं वाया न घालवता सरावात उडवतात. कोकणातल्या दमट हवेत किंवा घामाच्या कामात सहा महिन्यांनी बदललेली बरी. कपाटात कुलपात असलेल्या शस्त्राची काडतुसं दर दोन-तीन महिन्यांनी उजेडात तपासावीत आणि दोन-तीन वर्षांनी बदलावीत. पाण्यात बुडालेलं, हिरवं पडलेलं, चेपलेलं, गोळी हललेलं काडतूस मात्र तारीख न बघता बाजूला काढावं.

सरावात चाप ओढल्यावर नुसता ‘टक्’ आवाज आला, तर नळी सुरक्षित दिशेलाच ठेवून किमान अर्धा मिनिट थांबावं, कारण दारू उशिराही पेटू शकते. नेहमीचा दणका न येता फुसका आवाज आला, तर दुसरी गोळी मुळीच उडवू नये. पहिली नळीत अडकलेली असू शकते.

हे सगळं आपल्याकडे पाळणं अवघड जातं, ते केवळ आळसामुळे नाही. आपल्या पुण्याजवळच्या खडकीत १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे, तरी सामान्य परवानाधारकाला काडतुसं मिळतात ती परवान्यावर लिहिलेल्या मर्यादेतच. जवळपास सरावाची सोयही क्वचितच असते. म्हणून एकदा घेतलेली मोजकी काडतुसं माणूस जपून ठेवतो. मला हे चुकीचं वाटतं. जी उडवून पाहायची सोय नाही आणि बदलायची सवय नाही, ती काडतुसं ऐन वेळी चालतीलच असं धरून चालणं म्हणजे स्वतःच्या आणि आसपासच्यांच्या जिवाशी खेळणं आहे. परवाना देताना सरावाची आणि जुनी काडतुसं बदलून घेण्याची सोपी वाट करून देणं हे सरकारचं काम आहे.

आणि घरातला परवानाधारक वारल्यावर ट्रंकेच्या तळाशी काडतुसं सापडली तर? ती भंगारात देऊ नयेत, पुरू नयेत, विहिरीत टाकू नयेत, चुलीजवळ तर नेऊच नयेत. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम २१ नुसार ती शस्त्रासह जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असतात. आधी ठाण्यात फोन करून ती कशी आणायची हे विचारावं, परवान्याचं पुस्तक सोबत न्यावं, काडतुसं मोजून द्यावीत आणि पावती घेतल्याशिवाय परतू नये.