अष्टमीचा चंद्र आणि शाळेची दुर्बीण

शाळेत दुर्बीण आली म्हणजे ती प्रथम चंद्रावर रोखली जाते, आणि त्यासाठी बहुधा पौर्णिमेची, त्यातही कोजागिरीची, रात्र निवडली जाते. हेतू चांगला असतो; निवड मात्र चुकते. मुले रांगेने येतात, नेत्रभिंगास डोळा लावतात, आणि त्यांस दिसते ते डोळे दिपविणारे एक पांढरे तबक व त्यावरील काही करडे डाग. पुस्तकातील चित्रात पाहिलेले डोंगर व विवरे काही केल्या सापडत नाहीत. शिक्षक ‘दिसले ना?’ असे विचारतात, आणि मूल भिडेस्तव ‘हो’ म्हणते. न दिसलेले दिसले असे म्हणण्याची सवय निरीक्षणाच्या पहिल्याच पाठात लागावी, हे बरे नव्हे.

कारण अगदी साधे आहे. पौर्णिमेस सूर्य आपल्या पाठीमागे असतो व त्याचा प्रकाश चंद्रावर समोरून पडतो. त्यामुळे तेथील उंचसखल भागांच्या सावल्या आपणांस दिसत नाहीत. नांगरलेले शेत भर दुपारी सपाट वाटते. तेच मावळतीच्या उन्हात पाहिले तर ढेकूळ न् ढेकूळ उठून दिसते. चंद्रासही हाच न्याय लागू पडतो. प्रकाशित भाग संपून अंधार सुरू होतो त्या सीमारेषेवर शुक्ल पक्षात नुकता सूर्योदय होत असतो. तेथील उन्हे तिरपी व सावल्या लांब असतात. पाहावयाचे ते या रेषेच्या आसपास.

यास्तव शुक्ल षष्ठी ते दशमी हे दिवस घ्यावेत. अष्टमीचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास आकाशात उंच असतो व मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, त्यामुळे लहान मुलांस जागविण्याचे कारण पडत नाही. गावातील दिव्यांचाही या निरीक्षणास अडथळा होत नाही. आश्विनातच कार्यक्रम करावयाचा असेल तर कोजागिरीऐवजी नवरात्रातील अष्टमी धरावी.

दुर्बीण मोठी असण्याची गरज नाही. वस्तुभिंग ६० मिलिमीटर व्यासाचे आणि त्याचे नाभ्यंतर ७०० मिलिमीटर असेल, तर २० मिलिमीटरच्या नेत्रभिंगाने चंद्र ३५ पट, व १० मिलिमीटरच्या नेत्रभिंगाने ७० पट मोठा दिसतो. आरंभ ३५ पटीनेच करावा, म्हणजे संपूर्ण चंद्र एका दृष्टिक्षेपात येतो. खोक्यावर छापलेल्या शेकडो पटींच्या आकड्यांस भुलू नये. लहान भिंगात त्यामुळे प्रतिमा केवळ अंधूक होते.

षष्ठीच्या सुमारास थिओफिलस हे सुमारे १०० किलोमीटर रुंदीचे विवर सीमारेषेजवळ येते. त्याच्या मध्यभागी डोंगर आहे. भोवती काळोख असताना केवळ त्याचा माथा उजळलेला दिसला, तर मुलांस निराळे काही सांगावे लागत नाही. अष्टमीस ॲपेनाइन पर्वताची रांग उठून दिसते. नवमी-दशमीस कोपर्निकस या ९३ किलोमीटर रुंदीच्या विवराची पाळी. त्याच्या आतील बाजूस पायऱ्यांसारखे टप्पे आहेत, आणि खोली इतकी की कळसूबाईएवढे (१,६४६ मीटर) दोन डोंगर एकावर एक ठेवले तरी काठापर्यंत पोचणार नाहीत. पौर्णिमा अगदीच निरुपयोगी असे नव्हे. दक्षिणेकडील टायको विवरातून निघालेले पांढरे पट्टे तेव्हाच उत्तम दिसतात.

करड्या डागांस जुन्या ज्योतिर्विदांनी ‘सागर’ म्हटले, पण तेथे पाणी नाही. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ च्या यात्रिकांनी शांतिसागरातून आणलेल्या दगडांत बेसाल्ट निघाला. लाव्हा थिजून होणारा हाच खडक सह्याद्रीत आहे. आपण त्यास काळा पाषाण म्हणतो. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर याच खडकावर अशनी आदळून झाले, म्हणून चंद्रावरील विवरांशी त्याची तुलना करून अभ्यास होतो. परंतु लोणारची रुंदी सुमारे १.८ किलोमीटर, आणि ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीतून चंद्रावरचे सुमारे ४ किलोमीटरहून लहान काही ओळखू येत नाही. म्हणजे लोणार चंद्रावर असते तर ते या दुर्बिणीतून दिसलेच नसते. लोणार पाहिलेल्या मुलांस हे आवर्जून सांगावे.

१६०९ मध्ये गॅलिलिओने सुमारे २० पट मोठे दाखविणाऱ्या दुर्बिणीतून सीमारेषेपलीकडच्या काळोखात प्रकाशाचे ठिपके पाहिले. काही वेळाने ते वाढत जाऊन उजेडास मिळत. ही शिखरे होत, हे त्याने ओळखले. काही ठिपके रेषेपासून चंद्राच्या व्यासाच्या विसाव्या भागाइतके दूर होते. चंद्राचा व्यास त्याने २,००० मैल धरला. म्हणजे त्रिज्या १,००० व ठिपक्याचे अंतर १००. काटकोन त्रिकोण काढून कर्ण १,००४ हून अधिक येतो, व शिखराची उंची ४ मैलांहून अधिक ठरते. प्रत्यक्षातील उंची याहून कमी आहे; तथापि पायथागोरसचा सिद्धांत शिकलेल्या वर्गाकडून हे गणित अवश्य करवून घ्यावे.

एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. अष्टमीचा चंद्र दुपारपासूनच आकाशात असतो. परंतु सूर्य पूर्ण मावळल्याखेरीज दुर्बिणीवरील झाकण काढू नये. दुर्बिणीतून क्षणभर सूर्य पाहिला तरी दृष्टी कायमची जाऊ शकते.

चंद्र आपल्या व्यासाइतके अंतर सुमारे दोन मिनिटांत सरकतो, म्हणून शिक्षकांनी दुर्बिणीपाशीच उभे राहून दर एक-दोन मुलांनंतर ती नीट लावावी. पाहून आलेल्या मुलाने लगेच चित्र काढावे. सुबकपणा नको, सावली कोणत्या बाजूस होती एवढे यावे. तासाभराने त्याच मुलास पुन्हा बोलवावे. चंद्राच्या विषुववृत्तापाशी सीमारेषा तासाला सुमारे १५ किलोमीटर पुढे सरते, त्यामुळे पूर्वी काळोखात असलेला एखादा माथा आता उजळलेला सापडतो. दुर्बिणीत प्रतिमा उलटी दिसते. ती सुलट करून न काढता दिसली तशीच काढू द्यावी, व खाली तिथी आणि वेळ लिहवून घ्यावी.