परवाना युरोपचा, कर देशोदेशीचा

पुण्या-नाशिकाहून नोकरीनिमित्त बेंगळुरूत आलेली आणि तेथून पुढे युरोपात गेलेली जी मराठी संगणक अभियंत्यांची पिढी, तिच्या पंचवीस वर्षांच्या स्थलांतराचा मागोवा घेऊ जाता असे दिसते, की वास्तव्याचा परवाना उत्तरोत्तर उदार होत गेला. करवसुलीचा हक्क मात्र प्रत्येक राष्ट्राने आपल्याच हाती राखला, आणि या दोहोंतील विसंगतीची किंमत कुटुंबांनी मोजली.

१ ऑगस्ट २००० रोजी जर्मनीने परदेशी संगणकतज्ज्ञांसाठी 'ग्रीन कार्ड' योजना अमलात आणली. वीस हजारांची मर्यादा, पाच वर्षांची मुदत, आणि पदवी नसल्यास वर्षाला एक लाख मार्क वेतनाची अट, अशा तिच्या तरतुदी होत्या. पाच वर्षांनी परत फिरावयाचे हे आधीच ठरलेले असताना तेथे संसार कोणी आणि कसा मांडावा, याचा विचार त्या योजनेत नव्हता, आणि हे तिचे मोठेच वैगुण्य होते. २००४ अखेर ती संपली. २०१२ साली आलेल्या 'ब्लू कार्ड'ने प्रथमच कायम वास्तव्याची वाट तेहतीस महिन्यांवर, आणि जर्मन भाषा बऱ्यापैकी येत असल्यास एकवीस महिन्यांवर आणली, व पत्नीलाही नोकरीची मुभा दिली.

परंतु पत्नी तेथे पोहोचावयाची कशी? २००५ साली भारत अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला, तरी जर्मनीने त्यास आक्षेप नोंदवल्यामुळे आपल्या विवाहदाखल्यावरील ती मोहोर तेथे चालत नसे. मूळ दस्तऐवजाची शहानिशा व्हावयाची, म्हणजे महिने जावयाचे. आणि जन्मदाखल्यावर माहेरचे नाव, पारपत्रावर सासरचे, असा आपल्याकडील नेहमीचा प्रकार असला की प्रतिज्ञापत्रांची भर पडावयाची. या काळात पती तेथे विवाहित असूनही करापुरता अविवाहित ठरे, कारण पतिपत्नींच्या एकत्रित आकारणीची सवलत मिळण्यास पत्नीचे वास्तव्य जर्मनीतच असावे लागते. याच कायद्याची दुसरी बाजू अशी, की ती डिसेंबरात येऊन तेथे राहू लागली, तरी संपूर्ण वर्षाची आकारणी एकत्रित होऊ शकते. हे ठाऊक नसल्यामुळे कित्येकांनी पत्नीचा प्रवास निष्कारण जानेवारीवर ढकलला असेल, याची मला मनापासून हळहळ वाटते.

इकडचा हिशेबही सरळ नव्हता. जर्मनीचे करवर्ष जानेवारीत सुरू होते, आपले एप्रिलात. आणि १९६१ च्या आयकर कायद्याची कसोटी १८२ दिवसांची. त्यामुळे गणेश चतुर्थी करून लगोलग निघालेला त्या वर्षापुरता अनिवासी ठरे, आणि दिवाळी करून निघालेला निवासी. मग त्याचा मार्चपर्यंतचा तिकडचा पगारही इकडच्या विवरणपत्रात येई, व दुहेरी कर टाळण्यासाठी १९९५ च्या भारत-जर्मनी कराराचा आधार घ्यावा लागे. निवृत्तिवेतनाच्या दुहेरी वर्गणीची अडचण, निदान कंपनीने ठराविक मुदतीसाठी पाठवलेल्यांपुरती, २००९ च्या सामाजिक सुरक्षा कराराने दूर केली, आणि २०१७ च्या व्यापक कराराने दोन्ही देशांतील सेवाकाळ जोडण्याची सोय झाली.

खरी कोंडी झाली ती युरोपातल्या युरोपात घर हलवणाऱ्यांची. नेदरलँड्स परदेशातून आणलेल्या तज्ज्ञाच्या वेतनाचा तीस टक्क्यांपर्यंतचा भाग करमुक्त ठेवीत आला आहे; पण २०१२ पासून त्यास अशी अट जोडलेली आहे, की नेमणुकीपूर्वीच्या चोवीस महिन्यांपैकी सोळाहून अधिक महिने त्या माणसाने डच सरहद्दीपासून दीडशे किलोमीटरपलीकडे काढलेले असावेत. म्हणजे बेंगळुरूहून म्युनिकला आणि तेथून आइंडहोवनला गेलेल्यास सवलत मिळते, आणि ड्यूसलडॉर्फमार्गे गेलेला तिला बहुधा मुकतो. सुधारित ब्लू कार्डाने पहिल्या देशात बारा महिने काढल्यावर दुसऱ्या देशात जाण्याची वाट मोकळी केली. परंतु ते बारा महिने ड्यूसलडॉर्फात गेले असतील, तर त्याआधीचे, बेंगळुरूतले बाराच उरतात, आणि डच अट पुरी होण्यास चारहून अधिक महिने कमी पडतात. एका कायद्याने दिलेली मोकळीक दुसऱ्या कायद्याच्या हिशेबात अशी महाग पडते. शिवाय या सवलतीची मुदत आठ वर्षांवरून २०१९ साली पाचांवर आली, आणि २०२७ पासून तिचे प्रमाणही सत्तावीस टक्क्यांवर येणार आहे.