बोअरच्या पोटातला उजेड

पहाटे पाच. सगळ्यात आधी बोअरमध्ये सोडायच्या कॅमेऱ्याची काच पुसायची, मग रबरी सील बोटाने चाचपायचं. तीनशे फूट पाण्याखाली हवेच्या सुमारे दहापट दाब असतो, तिथे केसाएवढी फट राहिली तरी यंत्र गेलं.

साडेसहाला बीड सोडलं. पालीचा बिंदुसरा प्रकल्प मागे टाकून मांजरसुंब्याहून पाटोद्याच्या रस्त्याला लागलो. मे महिना, बालाघाटाच्या माथ्यावर सीताफळाच्या काड्या झालेल्या.

आठ वाजता पहिला बोअर. मोटार आदल्या दिवशीच वर काढून ठेवायला सांगितली होती, कारण गाळ खाली बसायला रात्र लागते.   दिवा भिंगाच्या लगत, त्यामुळे पाण्यातला प्रत्येक कण उजेड परत फेकतो आणि पडद्यावर नुसतं पांढरं धुकं.

केबल सुटू लागली. पडद्याभोवती बोअरचे मालक मामा, त्यांच्या घरची माणसं, शेजारच्या शिवारातले एक काका आणि शाळेला सुट्टी असलेली पोरं. चाळीस फुटांवर केसिंग संपलं. मुरूम, मग मांजऱ्या खडक, त्याखाली गेरूसारखा तांबडा पट्टा, म्हणजे लाव्ह्याच्या दोन थरांमधला सांधा. एकशे चाळीस फुटांवर भिंत चकाकली. कॅमेरा आडवा फिरवला तर झरा स्वच्छ दिसला, करंगळीएवढी धार कातळावरून खाली ओघळत होती. झरा बघायला उन्हाळाच बरा. पातळी वर असली की भेग पाण्याखाली बुडते, आणि तिच्यातून पाणी येतंय की नाही ते कळत नाही.

धारेमागोमाग कॅमेरा खाली नेला. दोनशे नव्वदला एक आडवी भेग, आणि सगळं पाणी तिच्यात शिरत होतं. त्याखाली काळा पाषाण, साडेसहाशे फुटांपर्यंत कोरडा. तळाशी थोडं साचलेलं पाणी.

"पाणी आहे की मामा, पण थांबत नाही."

"मग अजून दोनशे फूट खाली नेऊ का?"

हा प्रश्न मला दर गावात भेटतो आणि दर वेळी जीव तुटतो. आपल्या या कातळात पाणी राहतं ते वरच्या सच्छिद्र थरात आणि सांध्यांत. जसजसं खोल जावं तशा भेगा कमी होत जातात. रिग फुटावर पैसे मोजते, म्हणून कर्ज काढून माणूस खाली जातो, आणि वाटेत लागलेली कोरडी भेग वरचा झरा पिऊन टाकते. त्याच झऱ्यावर शेजाऱ्याची विहीर जगत असते. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरीला मनाई आहे. या पडद्यापुढे उभं राहिलं की ती मनाई का आहे ते कुणालाही समजतं.

मी सांगितलं, खडी आणि सिमेंट टाकून ती भेग आणि खालचा भाग बुजवा, मोटार झऱ्याच्या खाली, पण भेगेच्या वर बसवा.

दुपारी बारा, नेकनूरकडे. तिथल्या एका बोअरमध्ये दोर तुटून मोटार खाली गेलेली. कॅमेऱ्यात दिसलं की पाईपाचं तोंड वर आहे, पण दोराचा गुंता भोवती पडलाय. आधी तो ओढायचा, मग हूक. हे न बघता हूक मारला असता तर मोटार आणखी घट्ट बसली असती. तीनपर्यंत चेन-कुप्पीने ती वर आली.

चार वाजता रस्त्यालगत एक सोडून दिलेला बोअर दिसला, तोंडावर फक्त गोणपाट. २००६ साली हरियाणात हल्देहेडीला अशाच भोकात पडलेलं पोर सगळ्या देशाने कॅमेऱ्यातून पाहिलं. ते वाचलं, पण पुढे कितीतरी पोरं वाचली नाहीत. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे बोअर बुजवायचे नियम घालून दिले. मालकाला बोलावलं आणि लोखंडी टोपण आवळून होईपर्यंत मी तिथून हललो नाही.

रात्री आठला सकाळचं चित्रीकरण मोबाईलवर पाठवलं, मामांना आणि शेजारच्या काकांनाही. तासाभरात मामांचा फोन आला: सिमेंटच्या खर्चात काका निम्मे देणार, खडीचा ट्रॅक्टर परवा येईल.