बागेत वाहनांना मनाई

पहाटे ५.३०. एरवी या वेळी मी दिवसाच्या केसचे कागद चाळत असते. आज रविवार, कोर्टाला सुट्टी. सगळा दिवस भाचीचा. बारावीत आहे, ऑक्सफर्डला कायदा शिकायचाय, आणि त्यासाठीची प्रवेश परीक्षा, एलनॅट, दहा दिवसांवर आलीय. मी चहा टाकेपर्यंत ती आंघोळ उरकून टेबलाशी बसलीसुद्धा.

६.००. बारा उतारे, ४२ प्रश्न, ९५ मिनिटं. सराव घड्याळ लावून आणि संगणकावरच, कारण खरी परीक्षाही तशीच असते. कायद्याचं एकही कलम विचारत नाहीत. लेखकानं काय गृहीत धरलंय, त्याच्या म्हणण्यातून काय निघतं नि काय निघत नाही, एवढंच. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, हे मी तिला रोज बजावते.

७.४५. तेरा चुकले. त्यातल्या सातांत तिनं स्वतःला पटलेला पर्याय निवडला होता. "पण मावशी, खरं तर हेच आहे ना!" असेल गं, पण उताऱ्यात कुठंय? पोहे निवेपर्यंत आम्ही त्या सातही प्रश्नांचे उतारे पुन्हा ओळीओळीनं वाचले.

१०.००. निबंध. तीन विषयांतला एक, ४० मिनिटं. 'मतदान सक्तीचं असावं का?' पहिलंच वाक्य, 'लोकशाहीत मतदान ही काळाची गरज आहे.' मी ते खोडलं. सक्ती कशाची, केंद्रावर जाण्याची की मत देण्याची? 'नोटा' दाबणाऱ्यानं मतदान केलं की नाही? इथून सुरू कर, म्हटलं. दुसऱ्या खेपेला निबंध छोटा झाला आणि कितीतरी चांगला.

दुपारी जेवण, झोप.

५.००. ऑक्सफर्डच्या मुलाखती डिसेंबरात, ऑनलाइन. पण बोलायची सवय आतापासूनच हवी, म्हणून बागेत फिरायला नेलं. फाटकावर पाटी होती: वाहनांना मनाई. ऑक्सफर्डचेच प्राध्यापक एच. एल. ए. हार्ट यांनी १९५८ साली याच नियमावरून केवढा वाद उभा केला!

"सायकल चालेल?"

"नाही. म्हणजे... लहान मुलाची चालेल."

"का?"

ती गप्प झाली. चुकलं असं वाटलं की आपली मुलं गप्प होतात. आपणच तसं शिकवलंय त्यांना. आणि मुलाखतीत तर बोलत बोलत विचार करणारं, नवा मुद्दा आला की मत बदलू शकणारं मूल हवं असतं. मी थांबले. बऱ्याच वेळानं म्हणाली, "नियम कशासाठी केला, ते आधी बघायला हवं. धक्का लागू नये, आवाज नको..."

"मग महायुद्धातला ट्रक स्मारक म्हणून चबुतऱ्यावर ठेवला तर?" हा त्याच वादात लॉन फुलर यांनी हार्टना विचारलेला प्रश्न.

"चालेल. तो कुठे कुणाला धडकणारे!"

८.३०. तिच्या टेबलावर कॉर्नेलिया सोराबजींचा फोटो आहे. नाशिकला जन्मलेल्या, आपल्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या. ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा त्यांनी १८९२ साली दिली. बायकांना पदवी देत नसत, म्हणून ती हातात पडायला १९२२ उजाडलं. तो फोटो पाहिला की मला अजूनही भरून येतं.

१०.००. दिवा मालवला, तेवढ्यात दारात उभी. "मावशी, ट्रकचं उत्तर बदलतेय. चबुतऱ्यापर्यंत तो आणणार कसा? बागेतून चालवतच ना?"