केबल बंद केली, स्टिक लावली... पण पैसे खरंच वाचले का?



आज दुकानाचा नाही, घरातल्या टीव्हीचा हिशेब मांडणार आहे. पण शेवटपर्यंत वाचा, कारण विषय परत दुकानावरच येणार आहे.

गेल्या वर्षी दिवाळीआधी मी घरची केबल बंद केली. महिन्याला ३५० रुपये, म्हणजे वर्षाला ४,२०० रुपये. मुलं मोबाइलवर बघतात, मी दुकानातून रात्री साडेनऊला येतो, मग केबल बघतंय कोण? असा माझा सरळ हिशेब. टीव्हीला लावायची स्ट्रीमिंग स्टिक आणली, तीन ॲप्सचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतलं आणि सेट टॉप बॉक्स काढून ठेवला. एकदम स्मार्ट निर्णय घेतला, असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी रात्री घरी आलो तर आई घरात नाही. बायको म्हणाली, "शेजारी गेल्यात, काकूंकडे. सिरीयल बघायला."

मित्रांनो, खरं सांगतो, ताट समोर होतं पण घास उतरेना. केबल बघतंय कोण, हा प्रश्न मी स्वतःलाच विचारला होता. घरात कुणालाच विचारला नव्हता.

चूक पहिली: वापरणाऱ्याला विचारलंच नाही

आईला आठ वाजता टीव्ही लावून ठरलेला नंबर दाबायची सवय. आता आधी स्टिकचा रिमोट, मग ॲप, मग प्रोफाइल, मग सिरीयल शोधायची. त्यात प्रत्येक चॅनलचं दुकान वेगळं! स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या मालिका जिओहॉटस्टारवर, झी मराठीच्या झी५ वर, सोनी मराठीच्या सोनीलिव्हवर. आपल्याला हे सोपं वाटतं. तिला मात्र आपलंच घर परकं झाल्यासारखं वाटलं. आणि ती बोलली नाही, गुपचूप शेजारी गेली.

दुकानात गिऱ्हाईक असंच करतं बघा. तक्रार करत नाही, शेजारच्या दुकानात जातं.

चूक दुसरी: एकदाचा खर्च आणि दरवर्षीचा खर्च एकत्र धरला

आता वही काढा.

स्टिक: ३,५०० रुपये, एकदाच.
तीन ॲप्स: सगळी मिळून ३,६०० रुपये, दरवर्षी.
पहिल्या वर्षाचा एकूण खर्च: ७,१०० रुपये.
केबलचा खर्च होता: ४,२०० रुपये.

म्हणजे "बचत" करून मी पहिल्या वर्षी २,९०० रुपये जास्त घातले! त्यातलं एक ॲप, १,५०० रुपयांचं, घरात कुणी उघडलंच नव्हतं. सुरुवातीपासून दोनच घेतली असती तर ॲप्सचा खर्च २,१०० रुपये आणि केबलच्या तुलनेत वर्षाची बचतही २,१०० रुपये. स्टिकचे ३,५०० रुपये वसूल व्हायला बरोबर २० महिने. बीबीएला याला आम्ही पेबॅक पिरियड म्हणायचो. परीक्षेत मार्क मिळाले होते, घरात मात्र विसरलो.

आणि यात इंटरनेट धरलेलं नाही, कारण ते आमच्याकडे आधीपासून होतं. फक्त टीव्हीसाठी नवीन ब्रॉडबँड घेणार असाल, तर ५९९ चा प्लॅन १८ टक्के जीएसटी धरून ७०७ रुपये महिना पडतो. वर्षाचे जवळपास ८,५०० रुपये. मग केबलच स्वस्त!

बदलायचंच असेल तर आधी हे तपासा

१. टीव्ही आधीच स्मार्ट आहे का? त्यात हवी ती ॲप्स चालत असतील तर स्टिक घेऊच नका. जुना टीव्ही असेल तर मागे एचडीएमआय पोर्ट आहे का बघा.

२. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भागेल असं समजू नका. एचडीमध्ये तासाला ३ जीबीपर्यंत डेटा जातो. रोजचा २ जीबीचा पॅक चाळीस मिनिटांत संपेल.

३. स्टिक सोबत आलेल्या अडॅप्टरवरच चालवा. टीव्हीच्या यूएसबीला जोडली तर पॉवर कमी पडून ती मध्येच बंद पडू शकते.

४. फक्त बातम्या बघत असाल तर पैसे कशाला? बहुतेक मराठी न्यूज चॅनल यूट्यूबवर लाइव्ह असतात, फुकट.

५. ऑटोपे तपासा. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येते, पण आपण ती वाचतो कुठे? यूपीआय ॲपमध्ये जाऊन नको ते मँडेट आजच रद्द करा.

६. केबल तोडण्याआधी ती कमी करून बघा. ट्रायच्या नियमांमुळे २०१९ पासून हवे तेवढेच पे चॅनल निवडता येतात. आमच्या पॅकमध्ये कितीतरी चॅनल असे होते की त्यांची नावंही आम्हाला माहीत नव्हती.

मग आईचं काय झालं?

एक रविवार तिच्यासोबत बसलो. तिची दोन ॲप्स होम स्क्रीनवर सगळ्यात पुढे आणली, बाकीची मागे टाकली. रिमोटच्या मधल्या बटणावर लाल टिकली चिकटवली. "आई, एवढीच दाबायची." चार दिवस चुकली, पाचव्या दिवशी जमलं. आता ती मालिका दुपारी जेवण झाल्यावर बघते आणि रात्री आमच्यासोबत जेवायला बसते. हा फायदा माझ्या वहीत कुठेच नव्हता.

आणि केबलवाले दादा?

ते भेटले तेव्हा मलाच अवघडल्यासारखं झालं. इतक्या वर्षांचा माणूस, आपण ३५० रुपये तोडले. ते हसले आणि म्हणाले, "अहो, तुमच्या घरात जे नेट चालू आहे ना, ती वायर पण माझीच आहे!"

लोक केबल सोडणार हे त्यांनी ओळखलं आणि वेळेत ब्रॉडबँड सुरू केलं. गिऱ्हाईक तेच, गल्ली तीच, खांबावर चढणारा पोरगाही तोच. विकायची वस्तू तेवढी बदलली. मी क्लासमध्ये जे तासभर शिकवतो, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

आता तुमचा गृहपाठ

दुकानात बिलिंग सॉफ्टवेअर, नवीन मशीन, काहीही बदलताना तीन प्रश्न वहीत लिहा. रोज हे वापरणार कोण? एकदाचा खर्च किती आणि दरवर्षीचा किती? किती महिन्यांत वसूल होणार? उत्तरं मिळाली तरी जुनं लगेच तोडू नका. एक महिना जुनं आणि नवं दोन्ही चालू ठेवा. त्या महिन्याचे ३५० रुपये मी वाचवायला गेलो नसतो, तर आई शेजारी गेली नसती.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत वही उघडी ठेवा!